सात नंबरचं उपकरण

आमच्या गल्लीत सरकारने गारव्याची खोली बांधून दिली आणि आम्ही तिला कुलूप लावलं. आता यावर काय बोलायचं? पण बोलते. गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही, असं माझ्या सासूबाई म्हणतात. स्वतः झोपेतसुद्धा बोलतात, ते सोडा.

झालं असं, की हवामान बिघडत चाललंय, उन्हाळे जीव घेतायत, म्हणून सरकारने निधी काढला. गल्लीने समिती करायची, उन्हावर उपाय सुचवायचा, पैसे वरून येणार. आमच्या समितीने एक खोली मागितली. दुपारच्या वेळी म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनी येऊन बसावं, एवढंच. खोली झाली झकास. जाड भिंती, पांढरं छत, दोन एसी, बसायला बाकं. पण पुढचा हप्ता हवा तर आतला गारवा टिकला पाहिजे, अशी अट. माणसं आली की दार उघडतं, दार उघडलं की गारवा जातो, आणि माणूस मुळात गरमच असतो. तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी डोकं लढवलं, की माणसंच नकोत. ‘कृपया दार उघडू नये’ ही पाटी माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात छापली, वर लॅमिनेशन करून.

मग म्हातारी माणसं त्या खोलीच्या भिंतीला बाहेरून पाठ टेकून बसू लागली. तेवढीच गार लागते म्हणे.

सासूबाईंचं तेवढ्यावर भागणारं नव्हतं. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. गेल्या उन्हाळ्यात माझ्याशी भांडता भांडता त्या मध्येच गप्प झाल्या, तशी मी त्यांना थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “दुपारी यांना गार जागेत ठेवा. पुन्हा असं झालं तर काही खरं नाही.” नवरा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. संकट आलं की हा माणूस तेवढंच करतो.

मी अध्यक्षांकडे गेले. निवृत्त मुख्याध्यापक ते, अख्खी गल्ली त्यांना काका म्हणते.

“काका, आमच्या आईंना दुपारपुरतं आत बसू द्या.”

“एकीला बसू दिलं की उद्या सगळे येतील.”

“अहो, सगळ्यांसाठीच बांधलीय ना ती?”

“हे बघ, आत फक्त नंबर पडलेली उपकरणं राहू शकतात. नियम आहे.”

जळला मेला तो नियम, असं मनात म्हणत मी परत आले.

हप्त्याआधी सरकारी साहेब तपासणीला येणार होते, त्या दिवशी नंबरांचे स्टिकर चिकटवायला मलाच बोलावलं, कारण छापले होते मी. आई माझ्यामागून आल्याच, त्यांना घरी राहवतंय कुठलं. एक नंबरचा एसी, दोन नंबरचा एसी, बाकं, सगळं झालं आणि सातव्या नंबरवर घोडं अडलं. तापमापक. कागदावर होता, खोलीत नव्हता. तेवढ्यात साहेबांची गाडी दाराशी थांबली. त्या थंडगार खोलीत काकांना दरदरून घाम फुटला.

मी सात नंबरचा स्टिकर उचलला आणि आईंच्या खांद्यावर चिकटवला.

“हे काय गं लावतेस मला?”

“आत बसायचंय ना? मग गप्प बसा.”

कुणाला सांगत होते मी!

साहेब एकेका वस्तूवर खूण करत आले. आईंसमोर वाकले, स्टिकर वाचला. “तापमापक. चालू आहे का?”

“मेल्या, आधी ते दार लाव! सगळा गारवा चाललाय बाहेर!”

“चालू आहे,” साहेब म्हणाले, आणि खूण केली.

त्या दिवसापासून आई आत. दोन दिवसांत त्यांनी फर्मान काढलं, की एकटीला करमत नाही. काका नियम सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, “काका, यंत्राला सुटे भाग लागतात.” मी सात-अ, सात-ब असे स्टिकर छापले आणि भिंतीला टेकलेली सगळी म्हातारी मंडळी सुटे भाग म्हणून आत आली. कुणी काही विचारलं नाही. कागद बरोबर होते.

रोज दुपारी काका वहीत नोंद घ्यायचे. “कसं वाटतंय?” आईंचं उत्तर ठरलेलं. “कसलं गार? नुसता आवाज करतंय ते.” तशीच नोंद वर जायची. वरचे गारव्याची अट विसरून म्हणायचे, उष्णता अजून आहे, निधी चालू ठेवा. अख्ख्या आयुष्यात या बाईंनी कशाला चांगलं म्हटलं नाही. माझं लग्न झाल्यापासून माझा चहा म्हणजे ‘पाणी’. त्या जिभेने मला किती रडवलंय! आणि आता तीच जीभ सगळ्या गल्लीच्या म्हाताऱ्यांना जगवत होती. मला त्या जिभेचा चक्क अभिमान वाटायला लागला.

एकदा भर उन्हात मी दुकान बंद करून त्यांना चहा घेऊन गेले. साहेब नेमके पाहणीला आलेले. माझा चेहरा तापून लाल झाला होता. आईंनी घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “चहा छान झालाय गं. बरं वाटतंय.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांनी! डोळे पुसून बघते तर काकांनी कपाळावर हात मारून घेतलेला आणि साहेब लिहितायत.

“अभिनंदन! उपकरण ‘बरं’ दाखवतंय. उष्णतेचा प्रश्न सुटला. ही सामग्री आता दुसऱ्या गल्लीला.”

आठवडाभरात ट्रक आला, सोबत साहेब. एसी उतरवले, बाकं उचलली. खोली बघता बघता भट्टी झाली. आई जमिनीवर बसलेल्या, घामाने चिंब, ओठ सुकलेले. मला गेला उन्हाळा आठवला. मी दारावरची पाटी उपटली आणि तिनेच त्यांना वारा घालायला लागले.

“साहेब, पाया पडते, एकदा पुन्हा विचारा.”

साहेब माणूस वाईट नव्हता. “एक फेरचाचणी करता येते,” म्हणाले.

सगळे सुटे भाग आईंभोवती गोळा झाले. “उकडतंय म्हणा हो!” सात-ब तर हात जोडून उभे. मी कानात म्हटलं, “आई, तुम्हाला माझी शपथ. नेहमीसारखं बोला.”

साहेब वाकले. “कसं वाटतंय?”

आईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. “सून वारा घालतेय माझी. बरंच वाटणार की.”

“विजेशिवाय!” साहेब हरखलेच. खिशातून कोरा स्टिकर काढला, त्यावर आठ लिहिलं आणि माझ्या खांद्यावर चिकटवला. “उत्तम उपाय. खर्चही नाही. बंद पडू देऊ नका.”

ट्रक गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण हात थांबवायची सोय नव्हती.

“जरा जोरात हलव गं,” आई म्हणाल्या. “जीव नकोसा झालाय उकाड्याने.”

“मग मगाशी का नाही बोललात?”

“त्याच्यासमोर? परक्या माणसासमोर माझ्या सुनेला नावं ठेवू?”

“म्हणजे त्या दिवशीचा चहासुद्धा…?”

“चहा?” त्यांनी डोळे मिटले. “पाणी होतं नुसतं.”

मी पाटी दुसऱ्या हातात घेतली आणि जोरात हलवायला लागले.