डोळा गेलेली काच

मी एक जुनी काच आहे. खिडकीची नाही, कपाटाची नाही, मोटारीची पुढची काच. सध्या मुक्काम गॅरेजच्या मागच्या अंगणात. शेजारी फुटके बंपर आणि एक आळशी मांजर. मित्रांनो, काचेची सावली पडत नाही असं तुम्हाला वाटत असेल. पण माझ्यावर आता इतकी धूळ साचलीय की ते मांजर दुपारी माझ्याच सावलीत झोपतं.

माझा जन्म भट्टीतला. दोन पातळ काचा आणि मध्ये चिकट पारदर्शक पापुद्रा, अशी मी घडले. फुटले तरी विखरायचं नाही, कुणाला इजा करायची नाही, हा माझा धर्म. शिवाय वर मधोमध, आतल्या अंगाला, एक काळी डबी बसवली होती. तिच्यात कॅमेरा. सगळे त्याला डोळा म्हणायचे. पुढची गाडी फार जवळ आली किंवा कुणी आडवं आलं, की तो माझ्यातून बघायचा आणि आत पीं पीं वाजायचं. तरीही कुणी ऐकलं नाही तर गाडी आपली आपण ब्रेक लावायची. खोटं कशाला बोलू, मला त्या डोळ्याचा भारी तोरा होता. बाकीच्या काचा नुसत्या काचा, मी मात्र डोळस!

माझे मालक म्हणजे काका. त्यांनी ही गाडी वापरलेलीच घेतली. ते ती भाड्यानं चालवत. दवाखान्यात ये-जा करणारी म्हातारी माणसं हे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. विकणाऱ्यानं रंग दाखवला, गाद्या दाखवल्या, काकांनी एकच विचारलं, "तो डोळा चालतो ना?" काकूंना वाटलं, असते एकेकाला हौस. हौस कसली डोंबलाची! काकांच्या नजरेत मधोमध धुकं साचत चाललं होतं. चष्म्यानं ते जाणार नाही, गाडी सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडी सोडली तर खायचं काय? म्हणून काकांनी घरी अवाक्षर काढलं नाही. मला कळलं ते समोर बसून. पीं वाजलं की मग काकांचा पाय ब्रेकवर जायचा. आधी कधीच नाही.

तरी दिवस बरे होते. "काका, तुमच्या गाडीत निर्धास्त झोप लागते बघा," असं मागची माणसं म्हणायची. काका गालात हसायचे आणि मग घाम पुसायचे.

एके दिवशी पुढच्या ट्रकमधून खडा उडाला आणि मला मसुराएवढा टवका पडला. काकू म्हणाल्या, "अहो, मिस्त्रींना दाखवून घ्या ना." काका म्हणाले, "एवढ्याशा टवक्यासाठी गाडी बसवून ठेवू? राहू दे गं." काकूंना काही चैन पडेना. त्यांनी बिनरंगी नेलपॉलिशची बाटली आणली आणि अंगणात उभं राहून, जीभ दातांत धरून, तो टवका इतका नीट भरला की बोट फिरवलं तरी लागू नये. "बघा, कळतंय का कुठं होता?" असं म्हणून स्वतःवरच खूश झाल्या. मीही खूश झाले. एवढ्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता.

पुढं एका रणरणत्या दुपारी गाडी उन्हात तापली होती. काकांनी आत बसताच एसी पूर्ण सोडला. टक् असा आवाज झाला आणि टवक्यातून चीर निघाली ती सरळ डोळ्यापर्यंत गेली. चिरेतून त्याला धड दिसेना, डोळा बंद पडला. काकांनी गाडी जागेवरून हलवली नाही. मिस्त्रीला फोन करून ती ओढून न्यायला लावली.

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं टवक्यावर नख फिरवलं. "हे काय भरलंय?"

"नेलपॉलिश. मीच भरलंय," काकू म्हणाल्या.

मिस्त्री म्हणाला, "तेव्हाच आला असता तर काच सांधायचं औषध भरून दिलं असतं, चहा होईपर्यंत. पण हे आत गेलं की औषध धरत नाही. आता काच बदलायची. आणि डोळा जुळवायचा, त्याचा खर्च काचेहून जास्त."

"डोळा तर धड आहे की!"

"काच बदलली की त्याचा नेम चुकतो, काकू. समोर फलक मांडून, यंत्र लावून तो पुन्हा जुळवावा लागतो. ते यंत्र शोरूमकडं."

"चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला!" काकू म्हणाल्या, पण आवाज रडवेला होता. आपल्या हातानं घात झाला, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. तेवढे पैसे घरात नव्हते आणि उधार मागावं असं दारही उरलं नव्हतं.

काका म्हणाले, "नुसती काच बसव. डोळा आहे तसा चिकटव."

"बसवतो. पण तो भलतीकडं बघेल हां काका. त्याच्या भरवशावर राहू नका."

"मी काय त्याच्या भरवशावर गाडी चालवतो?" काका म्हणाले.

मला कापून काढलं आणि भिंतीला टेकवलं. नवी काच बसली. ती पक्की धरल्यावर, भर उन्हात, काका गॅरेजच्या अंगणातच एक चक्कर मारायला निघाले. पांढऱ्या भिंतीपुढं एक पांढरी व्हॅन उभी होती. गाडी सरळ, संथपणे, तिच्या दारात घुसली. कुणाला लागलं नाही. काकू धावल्या.

"अहो! एवढी मोठी व्हॅन दिसली नाही?"

काकांचे हात अजून स्टिअरिंगवर होते. "वाजलं नाही ना," ते म्हणाले. "वाजलंच नाही."

काकूंनी व्हॅनकडं बघितलं, मग काकांकडं. "कधीपासून?"

"गाडी घ्यायच्या आधीपासून."

काकूंनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. गाडी मिस्त्रीलाच विकली. त्यातले निम्मे पैसे व्हॅनच्या दाराला गेले. काकू आता दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटतात. काका घरात बसून असतात. मला तर भंगारवालाही नेत नाही, कारण काच आणि पापुद्रा वेगळे करत बसायला कुणाला वेळ आहे?

मित्रांनो, शेवटी 'वस्तूंची काळजी घ्या' म्हणायची आमची रीत. पण काळजी घेतलीच होती की, आणखी किती घ्यायची? मी एवढंच सांगेन, टवका पडला की त्याच दिवशी दाखवा, मग तो काचेचा असो की नजरेचा. काकांची नजर काही परत येणार नव्हती. पण काकूंना वेळेवर कळलं असतं, आणि मागं निर्धास्त झोपलेल्या त्या म्हाताऱ्या माणसांना गाडीतून उतरता तरी आलं असतं.