सोडली, असं सांगायचं ठरलं

सुटली

दुपारी ती घरी आली तेव्हा सासूबाई पलंगावर वाळलेले कपडे घेऊन बसल्या होत्या. मोज्यांच्या जोड्या लावणं चाललं होतं. एक मोजा एकटाच उरला होता, तो त्यांनी मांडीवर ठेवला होता.

"लवकर आलीस? बरं नाही का?"

"आई, मला कामावरून काढलं."

ती गोदामांना सल्ला देणाऱ्या एका कंपनीत होती. कुठला माल कुठल्या फळीवर ठेवला म्हणजे उचलणाऱ्याची पाठ वाचेल आणि मालकाचा वेळ वाचेल, हे सांगणं तिचं काम. नवरा दातांचा डॉक्टर. तो चारचौघांत म्हणायचा, "जगाला पैसे घेऊन सल्ला देते, मला फुकट." लोक हसायचे, तीही हसायची.

त्या सकाळी साहेबांनी तिला आत बोलावलं होतं. कामं कमी झाली आहेत, तिघांतलं एक माणूस कमी करावं लागणार, असं ते म्हणाले. "बाकीच्या दोघांवर घरं चालतात. तुमचे मिस्टर कमावते आहेत. तुम्ही समजून घ्याल." तिने समजून घेतलं. मोजपट्टी आणि कप पिशवीत टाकला, कुंडीतल्या रोपाला पाणी घातलं आणि निघाली.

सासूबाई वाईट नव्हत्या. सुनेची बाजू घेऊन त्यांनी नात्यातल्या दोघा-तिघांशी वाकडं घेतलं होतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि मनापासून म्हणाल्या, "सुटलीस बाई."

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या काकू नेलेला डबा परत द्यायला आल्या होत्या. तिला या वेळी घरात बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"आज सुट्टी वाटतं?"

तिने तोंड उघडलं. पण त्याआधी सासूबाई बोलून गेल्या, "नोकरी सोडली तिने. घरासाठी."

पडणाऱ्या मुलाला आपण झटकन धरतो ना, तसं ते वाक्य पुढे झालं. त्या क्षणी तिला बरंच वाटलं.

सोडली

"आई बोलली ते ठीकच झालं," जेवताना नवरा म्हणाला. "काढलं म्हटलं की लोक विचारणार, हिने केलं तरी काय? सोडली म्हटलं की विषय संपतो."

विषय संपला नाही. वाक्याने बाळसं धरलं. नणंदेच्या घरी पोचेपर्यंत ती फार मोठ्या पगाराची नोकरी झाली होती. मुलीच्या शाळेत पोचेपर्यंत चालून आलेली बढती नाकारून झाली होती. दवाखान्यात नवरा पेशंटच्या दाढेवर वाकून सांगायचा, "मिसेसनी स्वतःहून निर्णय घेतला." तोंडात नळी असलेला माणूस काय बोलणार? तो मान डोलवायचा.

काढलं म्हटलं असतं, तर लोकांनी तिची कीव केली असती आणि विसरून गेले असते. सोडली म्हटल्यावर मात्र ती उदाहरण झाली. उदाहरणाला लोक विसरत नाहीत. ते दुसऱ्याला दाखवतात.

काकूंना सून होती. ती लहान मुलांचे कान तपासायची. ऐकू येत नाही म्हणून आणलेल्या तान्ह्या पोराच्या पाठीमागे खुळखुळा वाजवायचा आणि ते मान वळवतं का बघायचं, अशी तिची नोकरी. तिचा स्वतःचा मुलगाही लहान होता आणि त्याला सारखी सर्दी व्हायची.

दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधे एकच भिंत होती. भांडी घासताना काकूंचा आवाज स्पष्ट यायचा.

"शेजारची बघ. तुझ्यापेक्षा जास्त शिकलेली, तुझ्यापेक्षा जास्त पगार. सोडली की नाही? त्याला मन मोठं लागतं."

 भिंतीच्या अलीकडे ती नळ मोठा करायची.

एका संध्याकाळी काकूंची सून आली. कडेवर मुलगा, त्याच्या नाकाखाली दोन रेघा.

"ताई, एक विचारू? हसू नका."

"विचार ना."

"तुम्ही कसं ठरवलंत? म्हणजे आतून कसं वाटलं? सगळे म्हणतात, आतूनच वाटतं. मला ते वाटतच नाहीये हो. माझ्यातच काहीतरी कमी आहे का?"

ती मटार सोलत होती. दोन शब्द होते, मला काढलं. ते तिच्या जिभेवर आलेही. बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या टीव्हीचा आवाज मात्र एकाएकी बारीक झाला होता. तिने एक शेंग उघडली, दाणे खाली पडू दिले.

"जमतं हळूहळू," ती म्हणाली.

काकूंच्या सुनेने मान हलवली. मुलाला खाली सोडून तिनेही एक शेंग उचलली. सगळे मटार सोलून होईपर्यंत ती बसली होती. महिनाअखेर तिने राजीनामा दिला.

काकूंनी स्वतः येऊन सांगितलं. "तुझ्यामुळे झालं हो. तुझ्याकडे बघून तिला धीर आला."

रमली

तिला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. तिला काहीच वाटत नव्हतं. सकाळी दूध उतू गेलं तर ती ते बघत उभी राहायची. दूध उतू जातंय हे कळायचं, पण गॅसपर्यंत हात जायचा नाही.

एकदा घरी कोणी नसताना तिने सगळं स्वयंपाकघर जमिनीवर काढलं आणि पुन्हा लावलं. रोज लागणारं कमरेच्या उंचीवर, जड ते खाली, कधीतरी लागणारं वर. मोजपट्टी लावून. हात सवयीने चालत होते. संपलं तेव्हा ती ओट्याला टेकून उभी राहिली. आता हे कुणाला समजावून सांगायचं, ते तिला सुचेना.

सासूबाई आल्या, कपाटं उघडून पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच नणंदेला फोन लावला. "अगं, छान रमली आहे घरात."

थांबली

मग एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ती अजून त्याच धंद्यात होती. "एक कंपनी घरासाठी थांबलेल्या बायकांना परत घेतेय. खास योजना आहे. तुझ्या मापाचीच शिवलीय बघ."

मुलाखतीला एक पिकल्या केसांच्या बाई आणि एक तरुण गृहस्थ होते. बाई आपुलकीने बोलल्या. "घरासाठी थांबलात तुम्ही. आम्हाला त्याचा आदर आहे. सुरुवात खालच्या पायरीवरून करावी लागेल, पण एकदा आत आलात की बघू. घरासाठीच थांबला होतात ना?"

फक्त मान हलवायची होती. तिला आयुष्यभर मान हलवता येत होती.

भीती वाटली असती तर ती कदाचित गप्प बसली असती. तिला तीही वाटली नाही.

"नाही. मला काढलं होतं."

गृहस्थांनी बाईंकडे पाहिलं आणि तिला विचारलं,

"काम जमत नव्हतं म्हणून?"

"नवरा कमावतो म्हणून."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "मग तुम्ही या योजनेत बसत नाही."

"नाही बसत. सल्लागार म्हणून बसते का ते बघा. परीक्षा घ्या."

त्यांनी घेतली. औषधांच्या एका गोदामाचा नकाशा समोर ठेवला आणि मांडणी आखायला सांगितली. हात आखडला होता. एक दार तिने उलट्या बाजूने उघडणारं काढलं, मग स्वतःच खोडलं. जेवणाची वेळ झाली तरी ती वाकलेलीच होती.

कळवतो म्हणाले. आणि खरंच कळवलं. नोकरी मिळाली, खालच्या पायरीवर नाही, पूर्वी होती त्याच पायरीवर.

परतली

पहिल्या सकाळी ती पिशवी घेऊन दाराबाहेर आली. सासूबाई सोडायला आल्या होत्या. काकू जिन्यात उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे, उघड्या दारात, त्यांची सून मुलाचं नाक पुसत होती.

"हे काय, परत?" काकूंनी विचारलं.

"नाही नाही, हिला कुठे जायचं होतं," सासूबाई म्हणाल्या. "कंपनीवालेच मागे लागले. हिच्यावाचून अडलंय म्हणे त्यांचं."

वाक्य पुन्हा पुढे झालं होतं, पुन्हा प्रेमानेच. आणखी एक पायरी उतरली असती, तर तिला काहीच बोलावं लागलं नसतं.

ती थांबली.

"काकू, मी नोकरी सोडली नव्हती. मला काढलं होतं. घरासाठी वगैरे काही नाही. मी परत जातेय कारण मला हे काम येतं आणि मला ते हवंय."

"अगं," सासूबाई हळूच म्हणाल्या. काकूंनी उगाच कठड्यावरून बोट फिरवलं आणि धूळ बघितली.

काकूंची सून पुढे आली. रुमाल तिच्या हातातच होता.

"म्हणजे तुम्हाला आतून काही वाटलं नव्हतं?"

"नाही."

"मी विचारलं तेव्हासुद्धा नाही?"

"नाही."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत, ताई?"

आवाज चढलेला नव्हता. कान तपासताना विचारावं तसं तिने विचारलं होतं, ऐकू येतंय की नाही तेवढं बघण्यासाठी.

 या प्रश्नाचं उत्तर वाचणाऱ्यांकडे असेल, तर त्यांनी ते आपापल्या जिन्यात द्यावं. तिथेही कुणीतरी घरासाठी नोकरी सोडलेली आहेच, आणि ती सोडली की सोडवली, हे कुणी विचारलेलं नाही.

तिने पिशवी खाली ठेवली आणि चपला काढल्या.

"तुझ्या दवाखान्यात तुझ्या जागी कुणी घेतलंय का?"

"माहीत नाही. मी विचारलंच नाही."

"चल, आत बसून फोन लावू," ती म्हणाली. काकू बाजूला झाल्या नाहीत, म्हणून दोघी त्यांना वळसा घालून त्यांच्याच घरात गेल्या.

पहिल्याच दिवशी तिला उशीर झाला. पिकल्या केसांच्या बाईंनी कारण विचारलं. तिने जे होतं ते सांगितलं.