चौदा नंबरची डावरी

तिला सगळे कानवाली म्हणायचे. लोकांचे कान भरण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. म्हणजे थोडा होता, पण नाव पडलं ते कामावरून. कपबशांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिनं कपांना कान लावले. साच्यातून निघालेला कप अर्धवट सुकला की फळीवरून समोर यायचा, बिनकानाचा, न्हाव्याकडून आत्ताच उठून आल्यासारखा ओशाळा. मग कानाची दोन्ही टोकं मातीच्या पातळ घोळात बुडवायची, कपाला टेकवायची, उजव्या अंगठ्यानं बुडाशी नेमका दाब द्यायचा आणि कानाच्या पोटाशी नखानं आपली खूण ओढायची. प्रत्येक बाईची खूण निराळी. हिची म्हणजे एकमेकींना कापणाऱ्या दोन रेघा. भट्टीत कान गळून पडला तर कुणाचा ते खुणेवरून कळायचं आणि मुकादम त्या बाईच्या डोक्याशी येऊन उभा राहायचा. हिच्यापाशी तो फारसा आलाच नाही, कारण एखादा कान गळणार असं वाटलं की त्यावर ही शेजारणीची खूण ओढून मोकळी. अशी ही बया.

भट्ट्या विझून बावीस वर्षं झाली. गाव हळूहळू रिकामं झालं, जशी खाणावळ रिकामी होते. आधी घाईवाले उठले, मग पोटभरले, आणि शेवटी ज्यांना कुठं जायचंच नव्हतं तेही उठले. कानवाली मुलाकडे शहरात गेली. तिथं तिची खाट पॅसेजमध्ये होती. बाथरूमला जाणारा प्रत्येक जण तिच्या पायांना अडखळून "सॉरी हं" म्हणायचा. बावीस वर्षं ती त्या "सॉरी हं"वर झोपली आणि त्याच्यावर उठली. सून वाईट नव्हती, मुलगा तर नव्हताच नव्हता. पण माणसाला पाय पसरायला जागा लागते.

म्हणून पत्र आलं तेव्हा तिनं तासाभरात पिशवी भरली. कारखाना नव्या मालकानं घेतला होता. पुढच्या वर्षी पहिली भट्टी पेटणार, आणि त्याआधी कामगारांच्या जुन्या चाळीस खोल्या दुरुस्त करून ज्यांच्या त्यांना द्यायच्या. अडचण एवढीच, की कचेरीतले सगळे कागद वाळवीनं खाल्ले होते. तेव्हा जुन्या माणसांनी तीन दिवस शाळेच्या हॉलमध्ये जमायचं आणि आठवून सांगायचं, की कुठल्या खोलीत कोण राहत होतं. एका माणसासाठी तिघांची आठवण जुळली की नाव पक्कं.

हॉलच्या भिंतीवर दोन रांगांत चाळीस चौकोन काढलेला मोठा कागद चिकटवला होता आणि त्याच्याशेजारी नोंदणीची बाई उभी होती; वय तिशीचं, नाकावरून घसरणारा चष्मा, केसांत खोचलेलं पेन. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसायची. तिला दोन माणसं रंग देत होती. ते बघून म्हातारेकोतारे असे काही हरखले होते, की जणू घरात बाळंतीण आहे.

"भट्टी पेटवताना मला बोलवा म्हणावं," भट्टीवाले दादा पुन्हा पुन्हा सांगत होते. "आजकालच्या पोरांना आच कळते का? काट्याकडे बघतात. आच डोळ्यांच्या पापणीला कळते."

"तुमच्या पापण्या तर कधीच जळाल्या, दादा," कानवाली म्हणाली.

"तू गप गं!" दादा म्हणाले आणि हसले. सगळेच हसले. कानवाली आली की लोक आधी हसून घ्यायचे आणि मग ती काय म्हणाली ते विचारायचे.

तिची धाकटी जाऊ शेजारीच बसली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती समोरच्या तेरा नंबरात राहिली. दोघींच्या दारांमधून हातानं वाटी देता यायची इतकी ती गल्ली अरुंद. जावेनं तिला कोपरानं ढोसलं. "ताई, तुझं चौदा नंबरचं लिहवून घे ना आधी."

"मला कसली घाई? चौदा नंबर काय पाय लावून पळतोय? माझं शेवटी लिहा. आणि मला कोण विसरणार आहे? विसरायला बसलात तरी जमायचं नाही तुम्हाला."

दुपार झाली. चहा झाला, चौकोन निम्मे भरले, आणि लोक पेंगायला लागले. पेंगणारी माणसं बघितली की कानवालीच्या जिभेला खाज सुटायची.

"अरे, पण डावरीला विसरलात की सगळे!" ती एकदम म्हणाली.

"कोण डावरी?"

"ऐका! कोण डावरी म्हणे! माझ्या समोर टेबलाला बसायची ती. डाव्या हातानं कान लावायची, तो नेमका उलट्या अंगाला कललेला. मुकादम विचारायचा ना तिला, हा कप पाजायचा कुणाला, आरशातल्या माणसाला?"

अशी कुणी बाई नव्हती. कानवालीच्या टेबलासमोर भिंत होती आणि भिंतीला पोपडे. दोघाचौघांनी भिडेपोटी मान हलवली की "फसलात!" म्हणून टाळी द्यायची, एवढाच तिचा बेत. ती जीभ दाताखाली धरून थांबली.

भट्टीवाल्या दादांनी डोळे बारीक केले. "हां... ती होय," ते सावकाश म्हणाले. "कमी बोलायची. पण काम स्वच्छ."

कानवालीनं हसू दाबायला स्वतःलाच चिमटा काढला.

"तिच्या दाराला निळा रंग होता," जाऊ म्हणाली.

निळा रंग कानवालीच्या दाराला होता. बशांवर फुलं काढायचा तो रंग तिनं डब्यात लपवून आणला होता आणि एका रविवारी जावेलाच स्टूल धरायला लावून दार रंगवलं होतं. तिनं जावेकडे बघितलं. जावेचा चेहरा सरळ होता. वा गं वा, कानवालीला वाटलं, माझीच शिकवण आणि माझ्यावरच! म्हटलं, ताणू दे हिला; उद्या फोडू.

दुसऱ्या दिवशी ती हॉलमध्ये पोचली तेव्हा डावरीचीच गोष्ट चालली होती. जाऊ सांगत होती आणि लोक मध्येमध्ये भर घालत होते, जसं एकीनं पीठ मळायचं आणि दुसरीनं पाणी घालायचं. डावरीच्या मुलाला ताप चढला तेव्हा ती त्याला खांद्यावर टाकून अनवाणी भट्टीच्या आवारातून डॉक्टरकडे धावली, आणि तापलेल्या विटांनी तिचे तळवे फोडांनी भरले. डावरीचा नवरा गेला त्या दिवशीही ती फळी पूर्ण करून मगच उठली. डावरी दारात बसून भाजी निवडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे त्याला पत्ता लागणार नाही असं बघायची.

कानवालीनं टेबलाखाली चप्पल काढली आणि एका पायाच्या बोटानं दुसऱ्या पायाचा तळवा चाचपला. तिथं चट्ट्यांची एक ओळ होती, चाळीस वर्षं होती, पॅसेजमधल्या थंड फरशीवर हिवाळ्यात ती दुखायची. बोट टाचेपासून वरपर्यंत फिरलं. तळवा लहान मुलासारखा गुळगुळीत लागला.

तिनं मान वर करून कागदाकडे बघितलं. चौदाच्या चौकोनात निळ्या शाईनं लिहिलं होतं, डावरी.

"ए बाई, चौदा माझा," ती म्हणाली.

हॉलभर हशा पिकला.

"मावशी, तुमच्या गमती!" नोंदणीची बाई डोळे पुसत म्हणाली. "बरं, खरंच सांगा, तुमचा नंबर कुठला? तुमचं राहिलंय."

"चौदा! हिला विचार, ही माझी सख्खी धाकटी जाऊ. दादांना विचार."

दादांनी जावेकडे बघितलं, जावेनं दादांकडे. दोघांच्या चेहऱ्यावर माया होती, तीच वाईट गोष्ट. "तुम्ही आम्हाला फार हसवायचात," दादा म्हणाले. काल ते तिला "तू गप गं" म्हणाले होते. "एवढं पक्कं आठवतं. पण राहायचात कुठं... तुम्ही कुणाकडे यायचात-जायचात का?"

"अरे, मी थाप मारली होती! डावरी नव्हतीच कुणी. मी बनवली ती, काल, तुम्ही झोपत होतात म्हणून!"

लोक पुन्हा हसले, काही जणांनी तर टाळ्या वाजवल्या. जन्मभर तिनं हेच शिकवलं होतं त्यांना, की ती शपथेवर बोलली तर दुप्पट हसायचं.

ती उठली आणि कारखान्यामागे गेली. तिथं फुटक्या मालाचा डोंगर होता, पन्नास वर्षांचा. वाकडे, तडकलेले, कान गळालेले कप. दुपारच्या उन्हात तो दात विचकल्यासारखा चमकत होता. माणसं विसरतील, पण माती विसरत नाही. आपल्या खुणेचा एक कान त्या बाईच्या टेबलावर आपटला की विषय संपला. ती फतकल मारून बसली आणि उपसायला लागली. फार शोधावं लागलं नाही. दोन रेघा, एकमेकींना कापणाऱ्या. मग दुसरा. मग दहा.

सगळे कान उलट्या अंगाला कललेले होते.

तिनं एक कप पुसला, कानाच्या बुडाशी दाबाचा खळगा असतो तो शोधला, आणि त्यात आपला उजवा अंगठा ठेवला. बसला नाही. कडेला घासत राहिला, दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखा. तिनं बराच वेळ कपाकडे बघितलं. मग कप दुसऱ्या हातात घेतला आणि डावा अंगठा टेकवला. तो असा आत गेला, की बाहेर काढायला तिला जिवावर आलं.

कप तिथंच ठेवून ती परतली.

तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस चौकोनांखाली सह्या झाल्या, किल्ल्या वाटल्या गेल्या. भट्टीवाले दादा आपल्या किल्लीचा वास घेत होते. कानवाली मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चहाची किटली घेऊन जाऊ रांगेनं आली आणि तिच्यासमोर थांबली.

"अहो बाई, तुम्हाला देऊ का थोडा?"

कानवालीनं तिच्या तोंडाकडे बघितलं. हिच्या पहिल्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी कोण बसलं होतं, ते तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तेही आता डावरीच्या खात्यात गेलं असेल, या धास्तीनं तिनं विचारलंच नाही. "दे," ती म्हणाली.

पुढं नोंदणीची बाई कागद गुंडाळायला लागली. "चौदा नंबरवाल्या डावरीबाई आल्या नाहीत, त्यांच्याकडचंही कुणी नाही. आज पाचला यादी बंद. मग चौदामध्ये सिमेंटच्या गोण्या ठेवू."

"अरेरे," लोक हळहळले. "असती तर किती बरं झालं असतं."

सिमेंटच्या गोण्या! खिडकीला पूर्वेचं ऊन यायचं त्या खोलीत. कानवालीला पॅसेजमधली खाट दिसली, बाथरूमचा दिवा दिसला, "सॉरी हं" ऐकू आलं. आणि मग ओठाच्या कोपऱ्यात तिला ते जुनं हसू सुटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुणा ओढल्या. आता एक आणखी.

ती हळूच उठली, मागच्या दारानं बाहेर पडली, शाळेला वळसा घातला, नळावर तोंड धुतलं, केस मागं सारले आणि पुढच्या दारातून आत आली.

"उशीर झाला गं," ती म्हणाली. आवाज बारीक काढायचा असं तिनं ठरवलं होतं, पण काढावा लागला नाही. "गाडी चुकली."

हॉल असा उसळला, की नोंदणीच्या बाईचा चष्मा पडला. दादांनी दोन्ही हात जोडले. जाऊ धावत आली, गळ्यात पडली आणि रडायला लागली. "ताई! किती वाट बघायला लावलीस! ताई, ताई गं!"

तीन दिवसांत पहिल्यांदा कानवालीला कुणी असं धरलं होतं. तिनं जावेच्या पाठीवरून हात फिरवला. मग कागद समोर आला, पेन आलं, आणि सोंग पुरं करायचं म्हणून तिनं ते डाव्या हातात घेतलं. डाव्या हातानं तिनं जन्मात कधी माशीसुद्धा हाकलली नव्हती. आणि लिहायचं म्हटलं तर उजव्यानंही तिची अक्षरं दारू प्यायल्यासारखी चालायची. पण पेन टेकलं आणि सरसर पुढं गेलं, ओळीत, वळणदार. काय नाव लिहिलं गेलं ते तिनं वाचलं नाही. किल्ली हातात आली. थंडगार, जड, तिची.

बाहेर ऊन उतरलं होतं. रंगवलेली चिमणी नवी दिसत होती. सगळे गल्लीकडे निघाले, आणि जावेनं तिचा डावा हात घट्ट धरला होता, जसा नेहमीच धरत आली असावी.

"ताई, तू आणखी आधी यायला हवं होतंस," ती म्हणाली. "तीन दिवस एक म्हातारी होती बघ आमच्यात. काय हसवायची! आत्तापर्यंत मागच्या बाकावर होती, चहा दिला मी तिला. कुठं गेली कोण जाणे. बिचारीचं कुणालाच काही आठवेना."

मीच ती, असं काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं. गंमत सांगायची होती. ती गंमत कसली, ते शोधत ती दोन पावलं चालली, चार चालली. समोर गल्ली आली, निळं दार आलं.

"कोण गं?" तिनं विचारलं, आणि विचारताना तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.