चकोत्याखालच्या अप्सरेचं डोहाळजेवण

मी बोलतेय, चकोत्याच्या झाडाखालची. लुगडं नेसलेली, नथ घातलेली दगडी बाई. हसू नका. मी मूळची ग्रीस देशाची अप्सरा आहे.

म्हणजे गोष्टीतली. मला घडवलं मद्रासकडच्या एका पाथरवटाने. बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंटातल्या साहेबाने त्याला पुस्तकातलं चित्र दाखवलं. बिचाऱ्याने जन्मभर देवळातल्या यक्षिणी घडवलेल्या, त्यामुळे माझं नाक ग्रीक आणि कंबर थेट बेलूरची झाली. साहेब पाहुण्यांना माझी कुळकथा सांगायचा. मावळतीच्या देशात देवांची जादूची बाग आहे, तिथे सोन्याची सफरचंदं लागतात आणि त्यांची राखण आम्ही अप्सरा बहिणी करतो. आम्हीच अधूनमधून फळं लांबवायचो, म्हणून देवांनी शंभर तोंडांचा अजगर पहाऱ्यावर बसवला. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर देवांनी तरी काय करावं?

माझ्या हातात एक दगडी सफरचंद होतं. साहेब विलायतेला गेला, सामानाचा लिलाव झाला आणि मला गाडीत चढवताना ते फुटलं. राखणदार राहिली, राखायला काही उरलं नाही.

मला मल्हाररावांनी घेतलं. घराणं शहाजीराजांच्या काळापासून इथलं, नोकरी सरकारी, घर चामराजपेटेत. त्यांची थोरली बहीण विठाबाई मला पाहताच आत गेली आणि जुनं लुगडं घेऊन आली. अशी उघडी बाई दारात नको, म्हणाली. दगडी पायांतून कासोटा घालताना तिने जी झटापट केली, ती त्या अजगरालाही झेपली नसती. मग नथ आली. शेवटी तिने ठरवून टाकलं की मी पाण्याकाठच्या साती आसरांपैकी एक आहे, बाकीच्या सहा लिलावात दुसऱ्यांनी नेल्या असतील.

मला उभं केलं ते तिच्या चकोत्याखाली. चकोता म्हणजे तुमचं पपनस. विठाबाईचं सासर देवनहळ्ळीचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. माहेरी परतताना तिने सासरहून एवढं एक रोपच आणलं होतं. झाड छपरापर्यंत वाढलं, पण फळ कधी धरलं नाही.

एकसष्ट साली मल्हाररावांनी जुनी मोटार घेतली. तिला शेड हवी आणि नेमकं झाड आडवं येत होतं. ते म्हणाले, "वांझ झाड, अक्का. ठेवून काय उपयोग?"

'वांझ' हा शब्द विठाबाईला सासरी रोज ऐकावा लागला होता. आणि मी? आमच्यात झाड पडलं की त्याची अप्सराही संपते. मला दगडातल्या दगडात घाम फुटला.

सोमवारी लाकूडतोड्या येणार होता. शनिवारी संध्याकाळी मल्हारराव कचेरीतून आले, तर अंगणात सगळ्या गल्लीतल्या बायका. माझ्या हातात हिरवा चुडा, केसांत कनकांबराचा गजरा, समोर पाटाभोवती रांगोळी. त्यांच्या पत्नी राजलक्ष्मी माझी ओटी भरत होत्या.

"हे काय चाललंय, अक्का?"

"डोहाळजेवण. हिला सातवा लागला," विठाबाई दाराआडूनच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आता घरात पोटुशी बाई हाय. झाडावर कुऱ्हाड घालायची नाही. भटजींना विचार पाहिजे तर."

मी आजन्म कुमारिका. माझ्या बहिणींना कळलं असतं तर बागेत तोंड दाखवायची सोय उरली नसती. पण मल्हारराव देवाला फारसे भीत नसले तरी बायकांच्या रीतींना फार भीत. त्यांनी पेढा तोंडात टाकला. सोमवारी लाकूडतोड्या देवाप्पा आला, त्याने माझी भरलेली ओटी पाहिली, हात जोडले आणि नारळ घेऊन परत गेला.

शनिवारी संध्याकाळभर विठाबाई मात्र दाराआडच उभी होती. विधवेने ओटी भरायची नसते. बायका गेल्यावर ती एकटी आली, पदरातले तांदूळ आणि एक खण माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "तुला चालतं ना गं?" मला चाललं. इतकं बरं मला साहेबाच्या बागेतही कधी वाटलं नव्हतं.

नऊ महिने झाले, दहा झाले. मोटार रस्त्यावर कावळ्यांच्या कृपेखाली उभी. मल्हारराव विचारायचे, बाळंत कधी होणार? "स्वल्प थांब रे. दगडाची बाई हाय, वेळ लागणारच."

आणि पुढच्या हंगामात झाडाला एक फळ लागलं. एकच! मग काय, विठाबाईचाच अजगर झाला. माकडं, पोरं, पोस्टमन, कुणाची धडगत नव्हती. मल्हाररावसुद्धा कचेरीला जाताना मान वर करून बघायचे आणि शेडचा विषय काढायचे नाहीत. फळ पिवळंधमक झालं तेव्हा त्यांनीच शिडीवर चढून ते उतरवलं आणि बहिणीच्या ओंजळीत दिलं. "अक्का, चुकलो मी," म्हणाले.

विठाबाईने ते कापलं नाही. माझ्या रिकाम्या तळहातावर ठेवलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आपलं लेकरू हाय. सांभाळ."

आज मोटार भंगारात गेली आहे. झाड फळांनी वाकलंय, दर वर्षी माझं डोहाळजेवण होतं आणि हंगामातलं पहिलं फळ माझ्या हातावर येतं. तुम्ही या बाजूला आलात तर फांदीवरचं फळ खुशाल मागा, विठाबाई देईल. फक्त माझ्या हातावरच्या फळाला हात लावू नका. आणि माझ्या बहिणी भेटल्या तर त्यांना सांगा, या बागेतलं एकही फळ मी अजून लांबवलेलं नाही.