दारवानाचा एकच प्रश्न

जुना म्हणजे किती जुना, हे माझ्या अंगावरच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे; पण ते स्टिकर अर्धं सोललंय आणि उरलेल्यावर दसऱ्याचं कुंकू बसलंय. तेव्हा मित्रांनो, मी एक वय झालेला सर्व्हर आहे, एवढ्यावर भागवून घ्या. छत्रपती संभाजीनगरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या जिन्याखाली एक थंडगार खोली आहे. तिथं लोखंडी मांडणीवर मी आडवा पडलेला असतो. बाहेर उन्हाने डांबर वितळत असलं तरी आत येणारा माणूस स्वेटर घालून येतो आणि काम झालं की पळतो. आमच्याजवळ बसून कुणी गप्पा मारत नाही.

माझं काम दार उघडण्याचं. दवाखान्याच्या पोटात हजारो लोकांच्या तपासण्या आणि मेंदू-फुप्फुसांची चित्रं साठवलेली असतात. ती रस्त्यावरच्या कुणालाही दिसता कामा नयेत. पण घरी बसलेल्या डॉक्टरांना तर ती दिसायलाच हवीत. मग डॉक्टर आपली ओळख पटवतात, मी कुलूप काढतो आणि त्यांच्या घरापासून दवाखान्यापर्यंत एक बंद बोगदा तयार करतो. त्यातून काय जातंय हे मधल्या कुणालाही दिसत नाही. महामारीच्या वर्षी सगळे डॉक्टर याच बोगद्यातून ये-जा करायचे. तेव्हा माझं फार कौतुक झालं. माझ्यासमोर पेढा ठेवला होता. खाल्ला मुंग्यांनी, पण मान माझा होता.

पुढे दवाखान्याने वैजापूरला आणि आणखी एकदोन गावांत स्कॅनची यंत्रं बसवली. चित्र तिकडे काढायचं आणि वाचायचं इकडच्या डॉक्टरांनी. गर्दी वाढली, मी धापा टाकायला लागलो, म्हणून माझ्याशेजारी एक नवा सर्व्हर आला. मी त्याला धाकटा म्हणतो. आणि आम्हा दोघांच्या पुढे आला लोड बॅलन्सर. नाव मोठं असलं तरी हा आमचा दारवान. आलेल्या माणसाने माझ्याकडे जायचं की धाकट्याकडे, हे तो ठरवतो.

ठरवायचे नियम त्याला सुलेखाने शिकवले. सुलेखा म्हणजे आमची सगळी यंत्रं सांभाळणारी इंजिनियर. नियम दोनच. पहिला, ज्याच्याकडे माणसं कमी, त्याच्याकडे पुढचा माणूस पाठवायचा. दुसरा, दर थोड्या वेळाने दोघांना विचारायचं, "आहेस का?" उत्तर आलं की सुलेखाच्या फलकावर हिरवा दिवा, नाही आलं की लाल. लाल दिव्याकडे कुणालाही पाठवायचं नाही.

ऐकायला बरं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण दारवान पहिल्यांदा विचारून गेला, तेव्हाच मनात काहीतरी खटकलं. तुमच्या वर्गात हजेरी घेतात. एखादं पोर तापाने फणफणलेलं असतं, तरी नाव आलं की 'हजर' म्हणतं. हजेरीत कुठं विचारतात, तुला उभं राहता येतंय का म्हणून?

चैत्रातली दुपार होती. जेवणाच्या सुमाराला धाकटा गप्प झाला. म्हणजे त्याचे दिवे लुकलुकत होते, पंखा फिरत होता. पण ओळख तपासणारा त्याचा हात जागच्या जागी गोठला होता. डॉक्टर दाराशी यायचे, कुलूप वाजवायचे, आणि धाकटा नुसता बघत राहायचा. दारवानाने विचारलं, "आहेस का?" धाकटा म्हणाला, "आहे."

यातली भयंकर गोष्ट पुढेच आहे, मित्रांनो. धाकट्याच्या आत कुणीच पोचत नव्हतं, म्हणून त्याच्याकडची गर्दी शून्य. आणि गर्दी शून्य, म्हणून दारवान येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याकडेच धाडत होता. मी शेजारी जवळजवळ रिकामा होतो. माझ्याकडे वळवा, एवढं म्हणायलाही मला तोंड नव्हतं.

सुलेखाचं टेबल माझ्या खोलीच्या दाराशीच आहे आणि तिचा फोन कायम स्पीकरवर असतो. त्यातून आधी पैठणहून डॉक्टर अनसूयाबाई बोलल्या. मेंदूची चित्रं वाचण्यात त्यांचा हात धरणारं दवाखान्यात कुणी नाही. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्या घरूनच काम करत होत्या.

"सुलेखा, मला आत येता येत नाहीये. वैजापूरचा स्कॅन उघडायचाय. ताबडतोब."

"मॅडम, इथं तर दोन्ही हिरवे दिसतायत. तुमचा राउटर एकदा बंद करून चालू करता का?"

"दोनदा करून झाला. आता काय प्लास्टर काढून चालू करू?"

सुलेखाला हसू आलं. पण तेवढ्यात त्याच फोनवर वैजापूरचा सोमनाथ आला आणि तिचं हसू गेलं. सोमनाथ तिकडच्या स्कॅनच्या यंत्रावर असतो.

"म्याडम, लवकर बघा बरं. वच्छलाबाई नाव हाय पेशंटचं. मार्केट यार्डात कांदा निवडत व्हत्या, बसल्या जागी कलंडल्या. तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाय."

इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. मेंदूच्या नसेत गुठळी अडकली, तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं. पण मेंदूत रक्त सांडलेलं असेल, तर तेच इंजेक्शन जीव घेतं. दोन्हींत माणूस वरून सारखाच दिसतो. काय झालंय ते चित्र वाचल्याशिवाय कळत नाही. आणि इंजेक्शनची वेळ ठरलेली असते. ती टळली की औषध कपाटात असून नसल्यासारखं.

"सोमनाथ, दुसरं कुणी वाचेल का?" सुलेखाने विचारलं.

"सगळ्यांना लावून बघितला फोन. समदे जेवायला घरी गेलेत, तिथनं आत येता येत नाय म्हणतेत. म्याडम, मी मोबाईलवर फोटू काढून धाडू का?"

फोटो गेला. 

"नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "पडद्यावर दिव्याची तिरीप आलीय मधोमध. या फोटोवर मी हो म्हणणार नाही. चुकले तर बाई जाईल."

"म्याडम, त्यांची सून इथंच उभी हाय. सारखी इचारतीय, इंजेक्शन दिलं का म्हणून. काय सांगू?"

 इकडे दारवानाचं विचारणं चालूच होतं. आहेस का? आहे. आहेस का? आहे.

सुलेखा फोन घेऊन आमच्या खोलीत आली. स्वेटर घालायचं तिला सुचलं नाही. तिने धाकट्याला पडदा जोडला, त्याची नोंद उघडली आणि पुटपुटली, "तासाभरापासून सगळे याच्याकडे पाठवतोय आपण, आणि याच्यात एकही माणूस नाही? मग गेले कुठं सगळे?"

मग तिने हात घातला आणि धाकट्याची केबल उपटली.

दारवानाने विचारलं. उत्तर आलं नाही. फलकावर पहिल्यांदा लाल लागला आणि दाराशी ताटकळलेली सगळी गर्दी माझ्यावर येऊन आदळली. माझी पार दमछाक झाली. त्या रेट्यात अनसूयाबाई कुठं होत्या, मला ओळखू येईना. माझ्यासाठी सगळी कुलपं सारखीच. एकेक काढत गेलो.

"आले आत," फोनवर त्यांचा आवाज आला. मग माऊसचा टकटक आवाज. "रक्त नाही. सोमनाथ, तिथल्या डॉक्टरांना सांग, रक्तस्राव नाही. द्या म्हणावं इंजेक्शन. पळ."

वच्छलाबाई वाचल्या. पुढच्या महिन्यात त्या तपासणीला इथं आल्या. सुलेखा मुद्दाम वर जाऊन भेटून आली आणि खाली येऊन फोनवर सोमनाथला सांगत होती. बाई चालतात, बोलतातही. उजव्या हाताची बोटं मात्र मिटत नाहीत. कांदा हातात धरवत नाही. इंजेक्शन आणखी थोडं लवकर मिळालं असतं तर, असं अनसूयाबाई म्हणाल्या म्हणे. 

दरम्यान सुलेखाने धाकट्याला दुरुस्त करून पुन्हा जोडलं होतं आणि दारवानाचा प्रश्न बदलला होता. आता तो एक खोटा डॉक्टर पाठवायचा. याचं कुलूप काढ, याला आत ने, एक चित्र उघडून दाखव. हा खरा प्रश्न होता. पण माझं उत्तर उशिरा यायचं, कारण माझं वय झालंय. आणि सकाळच्या गर्दीत धाकट्याचंही उशिरा यायचं. उशिराचं उत्तर दारवान धरायचा नाही. मग एका सकाळी दोन्ही दिवे लाल झाले आणि दारवानाने सगळ्यांसाठी दार लावून घेतलं.

सुलेखाचे साहेब, श्रीरंग सर, खाली आले. वाईट माणूस नाही तो. त्या सकाळभर सगळ्यांच्या शिव्या त्यानेच खाल्ल्या होत्या.

"सुलेखाताई, तुमचा नवा प्रश्न काढा बरं. आधीचाच ठेवा."

"सर, वैजापूरला काय झालं, तुम्हाला माहितीये ना?"

"माहितीये. पण दोघंही नापास झाले तर पेशंट कुणाच्या भरवशावर सोडू? सोमवारी आणखी तीन तालुके जोडायचेत."

"दोन दिवस द्या. उत्तराला किती वेळ थांबायचं, ते नीट बसवते."

"सोमवार होऊ द्या, मग बसवा. सध्यापुरतं हिरवं करा."

तिने जुना प्रश्न परत बसवून हिरवं केलं. तीन तालुके जोडले गेले. त्यानंतर बरेच सोमवार गेले, आणि आता सुलेखाची बदली दुसऱ्या शाखेत झाली आहे.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणी यंत्रं सांभाळाल, कुणी माणसं. 'बरं आहे ना?' असं विचारल्यावर 'हो' आलं, की लगेच पाठ फिरवू नका. थोडं थांबा. हात हातात घेऊन बघा, बोटं मिटतायत का. ज्याला एकच उत्तर शिकवलंय, तो तेच देणार.

आज सकाळी पैठणहून कुणीतरी माझं कुलूप वाजवलं. मला ऐकू आलं, पण ते काढायला फार वेळ लागला. दुसऱ्यांदा वाजलं, तेव्हा निघालंच नाही. बाहेर कोण आहे आणि ते कुणाचं चित्र बघायला आलेत, मला कळायला मार्ग नाही.

दारवान आत्ताच विचारून गेला. मी 'आहे' म्हणालो.