सांगाड्याचा उलटा पाय

मित्रांनो, मी एक जुना सांगाडा आहे. पळू नका! मी प्लॅस्टिकचा आहे. मी कधीच माणूस नव्हतो, त्यामुळे कुणाचं भूत असण्याचा प्रश्नच येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पुण्याच्या एका कॉलेजात मी सोळा वर्षं उभ्याने शिकवलं. मग तिथे नवा सांगाडा आला आणि मी अडगळीत गेलो. कुणी माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवी, कुणी हाताला छत्री अडकवी. पुढे गावोगावच्या शाळांना विज्ञानाचं साहित्य देणाऱ्या एका संस्थेने मला मागून घेतलं. तिथल्या लोकांनी मला पुसलं, निखळलेले पाय घाईघाईत बसवले आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका शाळेला दिलं. सोबत सूक्ष्मदर्शक, भिंगं, चुंबकं असं बरंच काही होतं. अट एकच होती. वर्षभरात साहित्य वापरलेलं दिसलं नाही, तर ते रांगेतल्या दुसऱ्या शाळेला जाईल.

बाकीचं सामान टेम्पोने गेलं. मी त्यात मावलो नाही, म्हणून शाळेच्या सुप्रियाबाई मला नसरापूरहून एसटीने घेऊन निघाल्या. चादरीत गुंडाळून त्यांनी मला खिडकीशी बसवलं. पहिल्याच खड्ड्याला चादर घसरली. मागच्या आजोबांनी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. कंडक्टर मात्र शांत होता.

"ह्यांचं तिकीट?" त्याने विचारलं.

"अहो, हे शाळेचं सामान आहे."

"शीट अडवलीय, म्हंजी प्रवासी. पंच्याहत्तरीच्या म्होरचे असतील तर फुकट. पर आधार कार्ड दावा."

बाईंनी मुकाट्याने माझं तिकीट काढलं. खरं सांगू, मला बरं वाटलं. मला 'ह्यांचं' म्हणणारा तो पहिलाच माणूस होता.

गावात मात्र वेगळंच घडलं. शाळा समितीचे अध्यक्ष कोंडिबा यांनी मला संध्याकाळी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या म्हशीने दूध कमी दिलं. कोंडिबांनी दोन्हींचा संबंध जोडला. वाद नको म्हणून मुख्याध्यापकांनी मला कपाटात कोंडलं. "फुटेल उगाच," म्हणत सूक्ष्मदर्शकही माझ्या शेजारी ठेवला.

आठ महिने मी अंधारात होतो. दाराच्या फटीतून रोज एक डोळा तेवढा दिसे. तो होता सातवीतल्या वैष्णवीचा. तिच्या घरी मेंढरं होती आणि तिची आजी चंद्राबाई मेंढरांचे मोडलेले पाय बसवायची. आतली हाडं कशी असतात, ते वैष्णवीला पाहायचं होतं. ती फटीतून माझ्या बरगड्या मोजायची. दर वेळी सातवीपर्यंत पोचली की मधली सुट्टी संपल्याची घंटा व्हायची.

अशात पत्र आलं. सोमवारी संस्थेचे स्वरूप सर पाहणीला येणार होते. शनिवारी समितीची बैठक बसली.

"सामान परत गेलं तर पुन्हा मिळायचं नाही," सुप्रियाबाई कळवळून म्हणाल्या. "आपली मुलं दहावीपर्यंत सगळे प्रयोग चित्रातच पाहणार का?"

"बाकीचं ऱ्हाऊ द्या," कोंडिबा म्हणाले, "पर ती हाडं न्या. माजी म्हस धास्तावलीया."

तेवढ्यात वैष्णवी आजीचा हात धरून आत आली.

"उगडा ते कपाट," चंद्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा, की मुख्याध्यापकांचा हात आपोआप किल्लीकडे गेला.

चंद्राबाईंनी माझ्या खांद्यापासून हात फिरवायला सुरुवात केली. मला गुदगुल्या झाल्या. पावलांशी येऊन त्या थांबल्या.

"ह्याचा डावा पाय उजवीकडं कुनी लावला? अंगठं बगा, भाईरच्या अंगाला! आठ म्हैनं समदी ह्याला भ्यालासा, पर ह्याला बघितला कुनीच न्हाई."

सुप्रियाबाई लाजल्या. मलाही चालायचं नसल्यामुळे कधी पत्ता लागला नव्हता.

वैष्णवीने स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि माझे दोन्ही पाय खुब्यापासून सोडवले.

"वाटीत गोटी बसती, तसं बसव," आजी सांगत होती. ते ऐकून समितीचे सभासद एकेक करून खुर्चीवरून उठले आणि आपापले खुबे चाचपू लागले. शेवटी कोंडिबाही पुढे आले.

"पोरी, माजा गुडगा लई ठनकतो. त्यो ह्यात कुठं आला?"

वैष्णवीने दाखवलं. ते पाहायला कोंडिबा इतके वाकले, की त्यांचं कोपर माझ्या छातीत घुसलं. कट्! एक बरगडी गेली.

"आन म्हस?" त्यांनी हळूच विचारलं.

"रेडकू वरसाचं झालं की म्हस आटतीच," चंद्राबाई म्हणाल्या. "त्यात ह्या गरिबाचा काय दोष?"

सोमवारी स्वरूप सर आले. मुख्याध्यापकांनी माझी मोडकी बाजू भिंतीकडे वळवली होती. सूक्ष्मदर्शकाचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही, हे पाहून सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी मला फिरवलं.

"ही बरगडी कुणी मोडली?"

मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. कोंडिबा उभे राहिले.

"म्या मोडली. गुडगा शिकताना."

सर मोठ्याने हसले. "म्हणजे इथं हात लागलेत तर!" त्यांनी वैष्णवीला बोलावून सूक्ष्मदर्शकाचं प्लॅस्टिक तिच्याच हाताने काढायला लावलं. सामान शाळेतच राहिलं. कपाटाचं दार तेवढं सरांनी काढून टाकायला सांगितलं.

यंदा वैष्णवी वेल्ह्याच्या मोठ्या शाळेत गेली. जाण्याआधी तिने चौथीच्या मुलांना माझ्यावर एक तास शिकवलं. एका चिमुरडीने माझं बोट धरून विचारलं, "तायडे, ह्याला दुखतं का गं?"

"न्हाई दुखत," वैष्णवी म्हणाली. "म्हनून तर ह्याच्यावर शिकायचं. मग ज्याला दुखतं, त्याला बरं करता येतं."

मित्रांनो, तुमच्या शाळेला कुणी अशी एखादी वस्तू प्रेमाने दिली असेल, तर तिला जपा, पण झाकून ठेवू नका. खुशाल हाताळा. फक्त आधी हात धुवा. परवाच कुणीतरी माझ्या नाकाला लोणच्याचं बोट पुसलं आहे.