सात एकांची संख्या

पेपर पाहिला आणि इंदुताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘१११११११ ही मूळ संख्या आहे का?’ या प्रश्नाला प्रेमिलानं लिहिलं होतं, नाही, ती २३९ गुणिले ४६४९ आहे. त्यावर लाल पेन्सिलीनं भलंमोठं शून्य.

जिल्ह्याच्या गणित स्पर्धेत इंदुताईंची ही विद्यार्थिनी चौदा गुणांनी दुसरी आली होती. मौद्याच्या रुपरावांनी लेकीला बजावलेलं होतं, पहिली आलीस तर नागपूरलाच पुढं शीक, नाही तर मॅट्रिकनंतर घरी ये. इंदुताई तडक परीक्षक भैयाजींच्या घरी गेल्या.

“पुस्तकामागं शंभरपर्यंतच्या मूळ संख्या छापल्या आहेत,” भैयाजी म्हणाले. “पंचवीसच्या पंचवीस लावून पाहिल्या मी. एकीनंही भाग जात नाही.”

“पुस्तक संपलं म्हणून संख्या संपते का हो? इथं हजाराच्या वर जावं लागतं. पोरगी भागत गेली, बावन्नाव्या मूळ संख्येला भाग गेला.”

“दोनशे एकोणचाळीस कोणाले आपोआप सुचते? कुठून तरी उतरवलं असन.”

“कोणाचं? बाकी साऱ्यांनी तर तुमच्यासारखंच चुकीचं लिहिलंय.”

भैयाजींनी नाइलाजानं गुणाकार केला. उत्तरात सात एकांची ओळ उभी राहिली. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. प्रश्न रद्द, सगळ्यांना त्याचे दहा गुण. म्हणजे पहिल्या आलेल्या मुलाचे चुकीच्या उत्तराचे दहा शाबूत राहिले, प्रेमिलाला दहा मिळाले, आणि ती चार गुणांनी दुसरीच राहिली. त्याचे दहा कापले असते तर पोरगी सहा गुणांनी पहिली होती. एवढी साधी वजाबाकी करायची या माणसाची छाती झाली नाही! इंदुताईंना त्या फळ्यापुढं उभं राहवेना. त्यांनी मौद्याची एसटी पकडली.

रुपराव अंगणात खाट विणत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातला सुंभ खाली ठेवला आणि चुलीतला कोळसा मागवला. ओसरीच्या फरशीवर त्यांनी ४६४९ लिहिले, खाली २३९. हातचे पुटपुटत तीन ओळी मांडल्या, बेरीज केली. उत्तरावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

“बाई, मी चौथीपर्यंत शिकलो. मले हे पाच मिनिटांत समजलं. त्या मास्तरले काहून नाही समजलं?”

“समजलं होतं,” इंदुताई म्हणाल्या.

रुपरावांनी हातातला कोळसा फरशीवर आपटला.

“मंग पोरगी नागपूरलेच राहीन,” ते म्हणाले. “असे लोक पेपर तपासून राहिले, तं त्यायले तपासाले कोणी पाह्यजे का नाही?”